टी-रॉड पूजेत आहे

"आता हलायचं नाही," लोखंडे म्हणाला आणि माझ्या डोक्यामागचा शेवटचा खटका त्याने दाबून बसवला.

हे वाक्य तो मला रोज ऐकवायचा आणि रोज त्याची गरज नसायची. कपाळापासून खांद्यापर्यंत जाळीदार प्लास्टिकचा साचा, तो चार खटक्यांनी टेबलाला आवळलेला. अशा माणसाने हलायचं मनावर घेतलंच तर हलणार काय, पापण्या? पण मी आयुष्यभर सरकारी कचेरीत नोकरी केलेली असल्यामुळे अनावश्यक सूचनांबद्दल मला आदर आहे. मी अंगठा वर करून दाखवला.

माझ्या स्वरयंत्रावर गाठ निघाली होती. वीस वर्षं मी वर्तमानपत्रांतून आणि व्यासपीठांवरून लोकांची टिंगल केली. त्यांतल्या बऱ्याच जणांनी मला मनातल्या मनात शाप दिला असणार, पण इतका नेमका पत्ता घालून कुणी दिला असेल असं वाटलं नव्हतं. डॉक्टरांनी कोबाल्टचे किरण सांगितले, सात आठवडे. आणि तेवढे दिवस बोलणं बंद. इंदूने, म्हणजे माझ्या बायकोने, नातवाची जुनी पाटी शोधून माझ्या गळ्यात नाही तरी हातात अडकवली. त्या सात आठवड्यांत घरात फार शांतता होती, असं ती अजून येणाऱ्याजाणाऱ्याला सांगते, आणि सांगताना तिचा चेहरा हळवा होतो.

गावाचं नाव सांगत नाही. तिथली माणसं भली आहेत आणि मला अजून व्याख्यानाला बोलावतात. धर्मादाय इस्पितळ होतं. तळघरात हातभर नव्हे, पुरुषभर जाडीच्या भिंतींची एक खोली. खोलीत एक अवाढव्य यंत्र, आणि त्या यंत्राच्या शिशाच्या डोक्यात करंगळीच्या पेराएवढा कोबाल्टचा तुकडा. सगळा खेळ त्या पेराचा. बाहेरून बटण दाबलं की दाबलेल्या हवेने तो पुढे सरकायचा आणि माझ्या गळ्याकडे बघत राहायचा. वेळ संपली की मागे जाऊन शिशात झोपायचा. जाताना 'फुस्', परतताना 'फुस्... धप्'. त्या 'धप्'ची मी रोज वाट बघायचो. 'धप्' झालं की दारावरचा लाल दिवा हिरवा होणार, लोखंडे येणार, खटके उघडणार आणि बाहेर इंदू थर्मासमधलं कोमट दूध घेऊन बसलेली असणार.

लोखंडे यंत्र चालवायचा. पण किती किरण, कुठून, किती वेळ, हे ठरवायच्या फडणीस बाई. त्या डॉक्टर नव्हेत, भौतिकशास्त्रवाल्या. पस्तिशीच्या असतील. त्यांच्या खोलीत त्यांच्याच अक्षरात एक पाटी होती : 'आधी हिशेब, मग पाऊल.' हा निव्वळ सुविचार नव्हता. चहात साखर किती, असं विचारलं तरी बाई क्षणभर वर छताकडे बघायच्या आणि मगच सांगायच्या.

महिना बदलला तसं माझ्या लक्षात आलं की यंत्राखाली मला पूर्वीपेक्षा किंचित जास्त वेळ ठेवतात. मी पाटीवर लिहिलं, 'गिऱ्हाईक जुनं झालं म्हणून जास्त माल?'

"तुम्ही नाही, कोबाल्ट जुना झाला," बाई म्हणाल्या. "त्याचे अणू फुटत असतात. एक अणू फुटला की त्याचा निकेल होतो. एक इलेक्ट्रॉन बाहेर पडतो, एक प्रतिन्यूट्रिनो बाहेर पडतो, आणि उरलेली ऊर्जा गॅमा किरण म्हणून येते. ती तुमच्या कामाची."

"आणि तो मधला कोण?" इंदूने विचारलं.

"प्रतिन्यूट्रिनो? तो कशालाच धरत नाही. भिंतीतून, डोंगरातून, पृथ्वीतून आरपार जातो. आला-गेला कुणाला कळत नाही."

"यांचे धाकटे भाऊ तसेच आहेत," इंदू म्हणाली. "फक्त जेवून जातात."

बाई हसल्या नाहीत. त्यांनी माझ्याच पाटीवर लिहिलं आणि वाचून दाखवलं, "एन बरोबर एन-नॉट, गुणिले ई चा घात वजा लॅम्डा टी. सुरुवातीला किती अणू होते, किती काळ गेला, तर आता किती उरले. सव्वापाच वर्षांत निम्मे. पुढच्या सव्वापाच वर्षांत त्याचे निम्मे. यात कधी फरक पडत नाही. तुम्ही तापवा, गोठवा, त्याच्यासमोर व्याख्यान द्या."

मी लिहून विचारलं, 'यातला कुठला अणू आज फुटणार?'

"ते सांगता येत नाही. कुणालाच. एखादा आत्ता फुटेल, त्याच्या शेजारचा हजार वर्षं तसाच बसेल. सूत्र गर्दीसाठी असतं, खांबेटे. सूत्राला एकटा दिसत नाही."

त्याआधीच्या आठवड्यात डॉक्टरांनी मला सांगितलं होतं की तुमच्यासारख्या शंभरातले सत्तर पूर्ण बरे होतात. पाच वर्षं निभावली की झालं. मी पाटी पुसली आणि लिहिलं, 'मी सत्तरात की तिसांत?'

बाईंनी ते वाचलं. वर बघितलं नाही. "उद्या वेळेवर या," म्हणाल्या.

महिन्यातून एकदा तिथे रंगीत तालीम चालायची. समजा, कोबाल्ट पुढे गेला आणि परत शिशात आलाच नाही, तर? टेबलावर एक उशी ठेवायची. ती पेशंट. बाई घड्याळ धरून उभ्या. लोखंडेने वाकून आत शिरायचं, उशीला बाहेर काढायचं, मग दाराशी टांगलेला लाल रंगाचा टी-रॉड घ्यायचा. टी-रॉड म्हणजे कमरेएवढा लोखंडी दांडा, वर धरायला आडवी मूठ. यंत्राच्या तोंडाशी तो लावून कोबाल्टला हाताने मागे ढकलायचं. त्या मशिनीच्या सगळ्या आयुष्यात ही वेळ कधी आली नव्हती. एकदा तालीम संपल्यावर मी पाटीवर लिहून दाखवलं, 'उशीची तब्येत कशी आहे?' बाई तेव्हाही हसल्या नाहीत. 

आता खंडेनवमी.

आपल्याकडे त्या दिवशी ज्याचं त्याचं हत्यार पुजतात, हे काही सांगायला नको. सुताराची करवत, शेतकऱ्याचा नांगर, एस.टी.चा डेपो. त्या इस्पितळात वरच्या मोठ्या हॉलमध्ये सगळ्या विभागांची हत्यारं एका लांब पाटावर मांडायची पद्धत होती. शस्त्रक्रियेच्या कात्र्या, दंतवैद्याचा चिमटा, मुदपाकखान्यातला झारा, रुग्णवाहिकेची किल्ली. त्यांवर हळदकुंकू, झेंडूची फुलं. विश्वस्तांच्या हस्ते आरती. सकाळी येताना इंदूने तिथे हात जोडले होते. मीही जोडले. झाऱ्याला जोडले असतील, कारण तो सगळ्यांत पुढे होता.

फडणीस बाईंना हे पसंत नसायचं. यंत्राला हार घालायचा नाही, फूल वाहायचं नाही, नारळ तर खोलीच्या आसपास आणायचा नाही, असा त्यांचा हुकूम होता. लोखंडे तो पाळायचा. यंत्राला त्याने बोट लावलं नव्हतं. मला टेबलावर आवळताना तो थोडा हिरमुसलेला होता, एवढंच मला आठवतं.

तर तो गेला. दार लागलं. 'फुस्' झालं. मी नेहमीप्रमाणे मनातल्या मनात एका जिवंत विश्वस्तावर मृत्युलेख रचायला घेतला. वेळ बरा जातो.

मृत्युलेख संपला. वेळ संपल्याची घंटा वाजली. 'फुस्' झालं.

'धप्' झालं नाही.

मी वाट बघितली. दाराच्या वरचा दिवा मला डोळ्याच्या कोपऱ्यातून दिसायचा. तो लाल होता. तो लालच राहिला. मग भिंतीतल्या पेटीतून लोखंडेचा आवाज आला. तिथून ते मला सूचना द्यायचे. या वेळी तो माझ्याशी बोलत नव्हता, बटण तसंच दाबलेलं राहिलं होतं.

"मॅडम, लाल जात नाही."

"इमर्जन्सी दाबा."

"दाबलं."

"पुन्हा दाबा."

"दाबतोय, मॅडम. दार उघडलं की आपोआप मागे जायला पाहिजे, ते पण करून बघितलं. जात नाही."

मग बाईंचा आवाज, रोजच्यासारखा कोरडा. "टी-रॉड घ्या."

पेटीतून पुन्हा इमर्जन्सी दाबल्याचा आवाज आला.

"लोखंडे, टी-रॉड."

"मॅडम, टी-रॉड पूजेत आहे."

मी आयुष्यात अनेक सभांत पडलेली शांतता ऐकली आहे. त्यातली काही माझ्याच विनोदांनंतरची होती. पण तशी शांतता पुन्हा ऐकली नाही.

"यंत्राला हात लावायचा नाही म्हणालात," लोखंडेचा आवाज खाली आला. "आपल्या डिपार्टमेंटचं काहीच पाटावर नको का? शस्त्र म्हणावं असं आपल्याकडे तेवढंच होतं. आरती झाली की आणणार होतो."

बाहेर खुर्ची सरकल्याचा आवाज झाला. इंदूचा आवाज आला, "लाल दांडा ना? झाऱ्याच्या शेजारचा?" आणि तिच्या चपला जिन्याकडे गेल्या.

एवढं मला कळत होतं : कोबाल्ट माझ्या गळ्याकडे बघत होता आणि त्याला आता कुणी घड्याळ लावलेलं नव्हतं.

"खांबेटे," बाई म्हणाल्या. आता त्या माझ्याशी बोलत होत्या. "आम्ही तुम्हाला रोज हलू नका म्हणतो. आज हला."

मी हाताची बोटं हलवली.

"छान. नीट ऐका. किरण जातायत ते तुमच्या गळ्याच्या त्याच जागेवर जातायत, दुसरीकडे नाही. थोडे जास्त गेले तर उद्या-परवा कमी देऊ. कोबाल्ट जुना आहे, हे आज आपलं नशीब. नवा असता तर दुप्पट वेगाने लागला असता. मी हिशेब केलाय. वेळ आहे आपल्याला. फक्त तो फुकट घालवायचा नाही. खांद्याजवळचे दोन खटके उघडा. हात खालून न्या, गळ्यावरून नाही."

डावा उघडला. उजवा उघडला. खांदे मोकळे झाले, डोकं तसंच.

"आता डोक्यामागचे. आधी डावा."

माझं वय तेव्हा अठ्ठावन्न. अठ्ठावन्न वर्षं मी स्वतःच्या डोक्यामागे काही शोधायला गेलो नव्हतो. डाव्याचं टोक सापडलं, बोट घसरलं, पुन्हा सापडलं, तो उघडला. उजव्या खटक्यापर्यंत हात पोचेना. पोचला तेव्हा तो हलेना. लोखंडेने तो अंगठ्याचा जोर लावून बसवला होता. चांगला कामसू माणूस. साच्याच्या आत माझा श्वास मला गरम लागू लागला. मी डोकं वळवून बघायचा प्रयत्न केला, आणि जाळी गालात रुतली. बोलणं बंद असल्याचा नियम मी त्या क्षणी मोडला. पण साच्यामुळे जबडा उघडेना. जे निघालं ते शब्द नव्हते.

"खांबेटे, थांबा. हात खाली घ्या," बाई म्हणाल्या. "मी येते."

"मॅडम, तुम्ही नका," पेटीतून लोखंडे. "मी जातो. माझी लेकरं झाली. तुमचं अजून..."

"तुम्ही आतलं दिसतं त्या टीव्हीवर लक्ष ठेवा आणि मला वेळ ओरडून सांगत राहा. तालमीत मी काय करते?"

"तुम्ही वेळ सांगता. मी जातो."

"मग आज उलट. दार."

खोलीत यायला सरळ दार नव्हतं. किरण बाहेर जाऊ नयेत म्हणून वळणाचा बोळ होता. त्या बोळातून पावलं येऊ लागली. पळत नव्हती, भराभर चालत होती. पावलांबरोबर बाईंचा आवाजही येत होता. आधी पुटपुट वाटली, वळण संपलं तसं स्पष्ट ऐकू आलं.

"एन बरोबर एन-नॉट, ई चा घात वजा लॅम्डा टी. एन बरोबर एन-नॉट, ई चा घात वजा लॅम्डा टी."

पेटीतून लोखंडे आकडे ओरडत होता. त्याच्या आवाजात रडू होतं. बाईंच्या आवाजात नव्हतं. मला एकदम धीर आला. बाई हिशेब करत येतायत. किती अंतरावरून, किती वेळात, किती लागेल, सगळं मांडून येतायत. हिशेब चुकायची बाई नव्हे ती.

बाई माझ्या पायांच्या बाजूने आल्या, वाकून, जवळजवळ रांगत. टेबलाच्या कडेला लटकलेलं बटण त्यांनी ओढलं आणि टेबल खाली जाऊ लागलं. तालमीतला क्रमच होता तो : आधी टेबल, मग माणूस. मी त्याच्यावर असल्यामुळे दोघेही खाली गेलो. बाजूने आडवे येणारे किरण आता माझ्या वरून जात होते. ते दिसत नाहीत, पण मला ते जाताना दिसले, असं मी अजून सांगतो. मग एक हात माझ्या डोक्यामागे आला, तळवा थंड होता, आणि खटका एकदाचा सुटला.

"चला," बाई म्हणाल्या. "वाकून. माझ्या मागे. वर बघू नका."

मी वर बघितलं नाही. मला बाईंच्या टाचा दिसत होत्या. एका पायात चप्पल नव्हती.

बोळाच्या तोंडाशी इंदू उभी होती. पन्नाशी उलटलेली, दमेकरी बाई, दोन्ही हातांत लाल दांडा आडवा धरलेला. दांड्यावर कुंकवाची पाच बोटं, मुठीला झेंडूची माळ. तिच्या मागे हॉलचा वॉचमन धापा टाकत आला होता.

"ताई, पूजेतलं हत्यार दसरा होईपर्यंत हलवत नाहीत," तो म्हणत होता.

"मग हा दांडा इथे ठेवते आणि दसऱ्यापर्यंत आमच्या माणसाला आत ठेवू या," इंदू म्हणाली. मग तिने मला बघितलं आणि दांडा पुढे केला.

बाईंनी दांड्याला हात घालायच्या आत लोखंडेने तो ओढून घेतला. "आता माझी पाळी," म्हणाला आणि बाईंच्या उत्तरासाठी न थांबता बोळात घुसला. त्याच्या मागे झेंडूची फुलं सांडत गेली. आम्ही सगळे दाराकडे बघत राहिलो. बाई घड्याळ बघून मोठ्याने मोजू लागल्या. मोजताना त्यांचा आवाज पहिल्यांदा हलला.

'धप्.'

दिवा हिरवा झाला. लोखंडे बाहेर आला, दांडा त्याच्या जागेवर टांगला आणि भिंतीला टेकून खाली बसला. इंदूने थर्मास उघडला. दूध मला मिळालं नाही, ते तिने लोखंडेला दिलं.

पुढे आलेल्या कारागिराने सांगितलं की हवेच्या नळीतली एक चकती झिजली होती. बाईंच्या आणि लोखंडेच्या छातीवरचे बिल्ले तपासायला गेले. किरण किती लागले ते त्यावरून कळतं. दोघांचेही आकडे मर्यादेत आले. माझे जादा किरण बाईंनी पुढच्या दिवसांतून वजा केले. टी-रॉडच्या खाली त्यांच्या अक्षरात नवी पाटी लागली : 'पूजा जागेवर करावी.' लोखंडेने ती पाटी वाचून डोळे पुसले, असं इंदू म्हणते. मला ते दिसलं नाही.

सात आठवडे संपले. आवाज परत आला, थोडा जाड होऊन. लोक त्याला भारदस्त म्हणतात.

पाच वर्षं निभावली. डॉक्टरांनी सुट्टी दिली आणि म्हणाले, तुम्ही सत्तरातले. पण मी आणखी तीन महिने थांबलो आणि मग पेढे घेऊन तळघरात गेलो. लोखंडे होता, केस पांढरे झाले होते. बाई होत्या. यंत्रातला कोबाल्ट बदलायला काढला होता.

"आज का?" बाईंनी विचारलं.

"तुमचा तेव्हाचा कोबाल्ट आज निम्मा झाला," मी म्हणालो. "मी आख्खा आहे, हे दाखवायला आलो."

बाई हसल्या. त्यांचं हसू मी त्या दिवशी पहिल्यांदा बघितलं. चांगलं होतं. उगाच काटकसर करत होत्या.

मग मी ज्यासाठी आलो होतो ते काढलं. मधल्या काळात मी बारावीचं भौतिकशास्त्राचं पुस्तक विकत आणलं होतं. निवृत्त माणसाला वाईट नाद लागतात.

"बाई, त्या दिवशी आत येताना तुम्ही ते सूत्र म्हणत होतात. एन बरोबर एन-नॉट."

"हो का?"

"सारखं. आणि मी वाचलं, ते सूत्र वर्षांचं आहे. दोन-चार मिनिटांत टी म्हणजे शून्यातच जमा. एन म्हणजे एन-नॉटच. त्या वेळी लागतो तो हिशेब वेगळा. यंत्रापासून दुप्पट लांब उभं राहिलं तर किरण चौपट कमी लागतात, तो. आणि आत किती वेळ राहिलं, तो. हे सूत्र त्या खोलीत काय कामाचं?"

लोखंडेने हातातला पेढा तसाच धरून ठेवला.

"काही कामाचं नाही," बाई म्हणाल्या. "माझी आजी अंधारात विहिरीवर जाताना रामरक्षा म्हणायची. रामरक्षेत विहिरीबद्दल काही आहे का?"

"पण तुम्ही मला पेटीतून सांगितलंत. हिशेब केलाय म्हणून."

"केला ना."

"कधी?"

बाईंनी पेढ्यांच्या डबीचं झाकण लावलं. "तुम्हाला बाहेर आणून खुर्चीवर बसवलं. त्यानंतर."

त्यांच्या डोक्यामागे भिंतीवर ती जुनी पाटी होती. मी ती वाचली. मी ती वाचतोय हे त्यांनी बघितलं.

"आणि आधी केला असतात तर?" मी विचारलं. "जायचं की नाही, काय आलं असतं उत्तर?"

बाईंनी क्षणभर वर छताकडे बघितलं.

"तेच आलं असतं," त्या म्हणाल्या. "फक्त उशिरा."